दोन ययाति आणि हरवलेली हजार वर्षं: साहित्यकृतींची तुलना कशी करावी

‘पुढील दोन साहित्यकृतींची तुलना करा’ असं वाचलं की बहुतेकांचा हात आधी पट्टीकडे जातो. कागदाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे साम्यं, उजवीकडे भेद, दोन्हीकडे पाच-पाच मुद्दे. तक्ता भरतो, पण पुस्तकांबद्दल नवं काहीच हाती लागत नाही. ‘दोन्हींत मानवी मनाचं दर्शन घडतं’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही दोन पुस्तकांना लागू पडतं. ‘एक कादंबरी आहे, दुसरं नाटक आहे’ हे तर मुखपृष्ठावरूनच कळतं.

एक पुस्तक शेजारी ठेवल्यामुळे दुसऱ्यातलं असं काही दिसायला हवं, जे ते एकटं वाचताना निसटलं होतं. तुलना जमली की नाही, हे याच एका कसोटीवर ठरतं. ती कशी जमवायची, हे एका खऱ्या जोडीवरच दाखवतो. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी 1959 मध्ये आली. गिरीश कर्नाडांचं ‘ययाति’ हे कन्नड नाटक 1961 मध्ये छापलं गेलं. कथा एकच, नावही एकच, मध्ये फक्त दोन वर्षांचं अंतर. मराठीची सोय अशी, की गोंधळ टाळायला लिंगच पुरतं: खांडेकरांची ती ययाति आणि कर्नाडांचं ते ययाति.

जोडी का निवडली, हे आधी सांगा

तुलनेला पायाखाली समान जमीन लागते. ती नसेल तर प्रत्येक गोष्ट वेगळीच निघते आणि कुठल्याच भेदाला वजन राहत नाही. ही जमीन साधारण चार प्रकारची असते: एकच मूळकथा, एकच विषय, एकच साहित्यप्रकार, किंवा एका लेखकाचा दुसऱ्यावर पडलेला प्रभाव. यातला शेवटचा प्रकार सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याचा.

आपल्याच जोडीत हा मोह होतो. खांडेकरांचं कोल्हापूर आणि कर्नाडांचं धारवाड काही फार दूर नाहीत, पुस्तकांत दोनच वर्षांचं अंतर, म्हणजे कर्नाडांनी खांडेकरांवरून घेतलं असणार, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं लिहू नका. प्रभाव म्हणायचा तर दुसऱ्या लेखकाने पहिलं पुस्तक वाचलं होतं याचा पुरावा हवा, आणि मूळकथेत नसलेलं पण दोघांतही असलेलं एखादं बारीक वळण हवं. कर्नाडांनी आपण राजाजींचं (चक्रवर्ती राजगोपालाचारींचं) महाभारत वाचत होतो आणि त्यातून हा विषय मिळाला, असं स्वतः सांगून ठेवलं आहे. त्यामुळे आपली तुलना ‘एकाच मूळकथेची दोन रूपं’ एवढ्यावर उभी राहते, आणि तेवढं भरपूर आहे.

बाहेरच्या साम्यांचंही असंच. खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ, कर्नाडांना 1998 चं. माहिती खरी आहे, पण तिने दोन पुस्तकांतलं एकही पान उलगडत नाही. असली माहिती परिचयात एका ओळीत यावी आणि तिथेच राहावी.

तक्त्यात तिसरा रकाना

मूळकथा समान असेल तर तक्त्याला दोन नव्हे, तीन रकाने लागतात. पहिला मूळकथेचा. तो मोजपट्टीसारखा वापरायचा. तो नसला की लेखकाने स्वतः काय केलं आणि आधीपासून काय होतं हे वेगळं काढता येत नाही, आणि मग ‘दोघांनीही ययातीला शाप मिळाल्याचं दाखवलं आहे’ अशी साम्यं लिहिली जातात. शाप महाभारतातच आहे, त्यात दोघांचंही कर्तृत्व नाही.

म्हणून आधी आदिपर्वातली कथा. देवांच्या बाजूने कच संजीवनी विद्या शिकायला शुक्राचार्यांकडे येतो. शुक्रकन्या देवयानी त्याच्यावर प्रेम करते, तो तिला नाकारतो, दोघं एकमेकांना शाप देतात आणि कच निघून जातो. पुढे जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल होते, त्यावरून भांडण होतं आणि असुरराज वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. नहुषाचा मुलगा ययाति देवयानीला हात देऊन वर काढतो. देवयानी त्याच्याशी लग्न करते आणि शर्मिष्ठेला दासी करून सोबत नेते. ययाति शर्मिष्ठेशी गुपचूप संबंध ठेवतो. देवयानीचे दोन मुलगे, यदू आणि तुर्वसू. शर्मिष्ठेचे तीन, द्रुह्यू, अनू आणि पुरू. हे उघड झाल्यावर शुक्राचार्य ययातीला अकाली वार्धक्याचा शाप देतात, पण कुणी स्वखुशीने घेतलं तर ते देता येईल अशी सवलतही देतात. चार मुलं नकार देतात, धाकटा पुरू होकार देतो. ययाति हजार वर्षं भोग घेतो आणि शेवटी म्हणतो:

न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति।
हविषा कृष्णवर्त्मेव भूय एवाभिवर्धते॥

भोगाने इच्छा शमत नाही. आहुतीने अग्नी भडकावा तशी ती वाढतच जाते. मग तो पुरूला तारुण्य परत देतो, राज्य देतो आणि वनात जातो.

आता तक्त्याच्या ओळी. आठ-दहा पुरतात, पण त्या प्रश्नांच्या रूपात मांडा: गोष्ट कोण सांगतं? किती काळात घडते? कुणाला बोलायला मिळतं, कुणाला नाही? मूळकथेतलं काय गाळलं? नवं कोण आणलं? ययातीच्या इच्छेची किंमत कोण मोजतं? त्याला कळतं ते कशामुळे? शेवटच्या दृश्यात कोण उरतं? प्रत्येक उत्तरापुढे पान किंवा प्रवेश नोंदवा. पानाविना केलेली नोंद लिहायला बसल्यावर उपयोगी पडत नाही, पुन्हा अख्खं पुस्तक चाळावं लागतं. पहिलं वाचन पेन्सिल न घेता करावं, दुसरं हा तक्ता शेजारी ठेवून. खांडेकरांच्या चारशेहून अधिक पानांचं दुसरं वाचन कंटाळवाणं वाटेल, पण खऱ्या नोंदी तिथेच सापडतात. पहिल्या वाचनात आपण कथानकाच्या मागे धावत असतो.

हजार वर्षं कुठे गेली?

तक्ता भरला की सगळ्या ओळी सारख्या महत्त्वाच्या नसतात हे लक्षात येतं. एखादी ओळ खटकते. या जोडीत काळाची ओळ खटकते.

महाभारतात हजार वर्षं आहेत. कथेचा अर्थ त्या हजार वर्षांवर टेकलेला आहे: माणसाने पोटभर, हवं तितकं भोगून पाहिलं आणि मगच ‘शमत नाही’ असा निर्वाळा दिला. हा अनुभवाने काढलेला निष्कर्ष आहे. खांडेकरांच्या कादंबरीत मात्र पुरूचं तारुण्य ययातीकडे फार वेळ राहतच नाही. घेतल्यावर लगेचच त्याला आपण काय करून बसलो हे उमगतं, तो ते परत द्यायला धडपडतो आणि कचाच्या साहाय्याने ते परत जातं. कर्नाडांच्या नाटकात तर पुरू नवी नवरी घेऊन घरी येतो त्याच सुमारास हा सगळा प्रकार घडतो, आणि ययातीला मिळालेलं तारुण्य काही तासांचंच ठरतं.

म्हणजे दोघांनीही, एकाने दुसऱ्यावरून घेतल्याचा पुरावा नसताना, मूळकथेचा कणाच काढून टाकला. हे साम्य तक्ता केल्याशिवाय दिसत नाही, कारण आपण दोन्ही पुस्तकं ‘भोगाने तृप्ती नाही’ ही जुनी शिकवण मनात धरूनच वाचतो. पण ज्याने भोगलंच नाही, तो भोगाच्या निष्फळतेबद्दल काय सांगणार? मग या दोन्ही ययातींना नेमकं कळतं तरी काय, आणि कशामुळे?

इथून तुलना खरी सुरू होते. साम्य सापडल्यावर त्याच्या पोटात शिरायचं आणि तिथे दोघं कुठे वेगळे होतात ते पाहायचं. वरवरच्या साम्याखाली खोल भेद, किंवा वरवरच्या भेदाखाली खोल साम्य: चांगले मुद्दे जवळजवळ नेहमी या दोन जागी मिळतात.

दोन्ही ययातींना दुसऱ्याचं झालेलं नुकसान पाहून कळतं. मात्र ते दाखवणारा दोघांकडे वेगळा आहे. खांडेकरांनी कचाला कथेतून जाऊ दिलं नाही. महाभारतात संजीवनीच्या प्रसंगानंतर त्याचं काम संपतं. कादंबरीत तो पुढेही येत राहतो, शर्मिष्ठेचा आधार होतो आणि संयमाने जगणाऱ्या माणसाचं जिवंत उदाहरण म्हणून ययातीसमोर उभा राहतो. शिवाय ययातीचा थोरला भाऊ यति आहे. महाभारतात त्याच्या वाट्याला जेमतेम उल्लेख येतो; खांडेकरांनी त्याला शरीराचा आणि स्त्रीचा तिरस्कार करणारा टोकाचा विरक्त केलं. एका टोकाला यति, दुसऱ्या टोकाला ययाति आणि मध्ये कच. ही रचना समजली की कादंबरी उपभोगाच्या विरोधात नाही हे स्पष्ट होतं. तिचा राग दोन्ही टोकांवर आहे.

कर्नाडांच्या रंगमंचावर कच नाही. शहाणा, तोल सांभाळणारा, वर उभा राहून सांगणारा कुणीच नाही. त्यांनी एक नवं पात्र निर्माण केलं: पुरूची बायको चित्रलेखा. महाभारतात पुरू होकार देतो तेव्हा त्याच्या घरात कोण आहे, त्या माणसाच्या होकाराचं ओझं कुणावर पडणार, हे कुणी विचारत नाही. चित्रलेखा तेच विचारते. नवऱ्याचा त्याग ऐकताना तिला भव्य वाटतो, पण त्याचा म्हातारा चेहरा प्रत्यक्ष दिसल्यावर तिला ते सोसवत नाही. मग ती ययातीला म्हणते की माझ्या नवऱ्याचं तारुण्य आता तुमच्याकडे आहे, तर त्याची जबाबदारीही तुमचीच, मला मूल द्या. ययाति हादरतो. तिच्या युक्तिवादात फट नाही. त्याच्याच कृत्याचा हिशेब तिने शेवटापर्यंत नेला आहे. ती विष घेते, आणि त्या मृत्यूनंतर ययाति आपलं म्हातारपण परत घेऊन शर्मिष्ठेसोबत वनात जातो.

एकाने जागं करण्यासाठी आदर्श माणूस कथेत ठेवून घेतला. दुसऱ्याने आदर्श हटवला आणि मधे एक प्रेत ठेवलं. कादंबरीत चूक सुधारण्याची वाट शिल्लक आहे, तारुण्य परत करून संसार पुढे चालू शकतो. नाटकात पुरूला तारुण्य परत मिळतं तेव्हा ते ज्याच्यासाठी होतं ते माणूसच उरलेलं नसतं.

कोण बोलतं, कोण गप्प

दुसरी महत्त्वाची ओळ निवेदकाची. खांडेकरांची कादंबरी तीन जण सांगतात: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. प्रत्येक जण ‘मी’ म्हणून बोलतो आणि मागे वळून पाहतो. परिणाम असा, की वाचकाला तिघांचीही बाजू आतून कळते, अगदी रागीट, मानी देवयानीचीसुद्धा. पण ज्याच्याकडून मागितलं त्या पुरूला स्वतःचं निवेदन नाही, आणि कचालाही नाही. कच आपल्याला कायम दुसऱ्यांच्या नजरेतून दिसतो. त्यामुळेच तो आदर्श राहू शकतो; आतून दिसला असता तर त्याचे डळमळते क्षणही दिसले असते. ‘मला असं वाटतं’ एवढ्यावर न थांबता अशा निरीक्षणाला ‘त्यामुळे काय घडतं’ हे जोडलं की मुद्दा पूर्ण होतो.

नाटकात सूत्रधार असला तरी मनात शिरून सांगणारा निवेदक नसतो. तिथे पुरू आणि चित्रलेखा समोर उभे राहून बोलतात, ययातीला उत्तर द्यावं लागतं. कादंबरीतल्या ययातीने वाचकाजवळ कबुली दिली की पुरतं, नाटकातल्या ययातीला तशी सोय नाही.

साहित्यप्रकाराचा भेद लिहायचा तो असा. ‘नाटकात संवाद असतात’ इथे थांबलात तर व्याकरणाचा धडा होतो. प्रकारामुळे कुणाला सवलत मिळाली आणि कुणाला उघड्यावर यावं लागलं, ते शोधा.

लेखकाचं वय, लेखकाचा काळ

संदर्भ कुठे वापरायचा हा नेहमीचा पेच. नियम साधा ठेवावा: मजकुरात सापडलेला भेद समजायला मदत होत असेल तेव्हाच चरित्र आत घ्या. खांडेकरांचा जन्म 1898 चा, म्हणजे कादंबरी आली तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. शिरोड्याच्या शाळेत त्यांनी 1920 ते 1938 शिकवलं, आयुष्यभर ध्येयवादाचं साहित्य लिहिलं. ययातीत त्यांना सुखामागे धावणारा आजचा माणूस दिसत होता. कर्नाडांचा जन्म 1938 चा, माथेरानचा. शिक्षणासाठी ऑक्सफर्डला निघण्याच्या सुमारास, विशीच्या पहिल्या काही वर्षांत, त्यांनी हे नाटक लिहिलं. घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं त्या वेळी आपल्या मनावर होतं आणि ते नाटकात उतरलं, हे पुढे त्यांनीच सांगितलं.

एकसष्ट वर्षांच्या लेखकाने बापाची कबुली लिहिली आणि बावीस-तेवीस वर्षांच्या लेखकाने मुलाचा व सुनेचा प्रश्न लिहिला. ही जुळणी फार सुबक आहे, म्हणूनच जपून वापरावी. वयाने पुस्तक घडत नाही. निवेदकांची निवड आणि चित्रलेखेचं पात्र हे पुरावे आधी मांडावेत, वय शेवटी एका वाक्यात यावं.

कर्नाडांवर सार्त्र आणि अनुई या फ्रेंच नाटककारांच्या वाचनाचा परिणाम होता हेही ठाऊक आहे. पण ‘अस्तित्ववादी’ हा शिक्का मारून पुढे जाऊ नका, आणि खांडेकरांवर ‘आदर्शवादी’ हाही नको. शिक्का मारला की वाचन थांबतं. वर पाहिलेली यति-ययाति-कच ही रचना ‘आदर्शवाद’ या एका शब्दात मावत नाही.

लिहायला बसताना

तक्त्यावरून थेट लेख लिहू नका. आधी एक वाक्य तयार करा, ज्यात दोन्ही कृती असतील आणि ज्याच्याशी कुणी असहमत होऊ शकेल. आपल्या जोडीसाठी असं: ‘दोन्ही लेखकांनी ययातीची हजार वर्षं काढून टाकली आणि भोगाच्या निष्फळतेची कथा दुसऱ्याच्या हानीची कथा केली, खांडेकर ती हानी भरून निघू देतात, कर्नाड देत नाहीत.’ वाक्यातली नावं झाकून पाहा. उरलेलं कुठल्याही दोन पुस्तकांना लागू होत असेल, तर वाक्य मोडा आणि पुन्हा तक्त्याकडे जा.

मांडणीच्या दोन रीती आहेत. आधी पूर्ण कादंबरी, मग पूर्ण नाटक. किंवा एकेक मुद्दा घेऊन दोन्ही कृती शेजारी. पहिली सोपी वाटते, पण तीत हमखास दोन स्वतंत्र परीक्षणं तयार होतात आणि तुलना शेवटच्या परिच्छेदावर ढकलली जाते. लेख छोटा, सातशे शब्दांच्या आत असेल तर ती चालते. त्याहून मोठा असेल तर मुद्देनिहाय लिहा. दीड हजार शब्दांचा लेख असेल, तर जोडी आणि मूळ वाक्य यांना दीडशे, मूळकथेला दोनशे, काळाच्या मुद्द्याला पाचशे, निवेदकांना साडेतीनशे, संदर्भाला दीडशे आणि शेवटाला दीडशे, असा हात असू द्या. सगळ्या मुद्द्यांना सारखी जागा देण्याचा अट्टाहास नको; जिथे जास्त सापडलं तिथे जास्त लिहा.

कथानक सांगत बसणं हा सर्वांत मोठा खड्डा. परिच्छेदाची सुरुवात ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘पुढे’ अशी होत असेल तर तुम्ही गोष्ट सांगताय. परिच्छेदाचं पहिलं वाक्य दाव्याचं असावं, प्रसंग त्याच्या पुराव्यापुरता यावा. दुसरा खड्डा निकाल देण्याचा: ‘कर्नाड अधिक आधुनिक, म्हणून श्रेष्ठ.’ आवड जरूर सांगा, पण कोणत्या कामासाठी कुणाची युक्ती अधिक पुरली, ते सांगून.

आणि एक गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. खांडेकर आपण मुळातून वाचतो, कर्नाड बहुधा अनुवादातून. नाटक कन्नड आहे. पुढे कर्नाडांनी ते स्वतः इंग्रजीतही नेलं. म्हणून रचना, प्रसंग, पात्रं, शेवट यांची तुलना बिनधास्त करावी. शब्दकळा, लय, उपमा यांची करू नये. खांडेकरांची अलंकारिक वाक्यं आणि अनुवादातले सडसडीत संवाद समोरासमोर ठेवून ‘कर्नाडांची शैली साधी आहे’ असं लिहिलं, तर ते कौतुक कदाचित अनुवादकाचं ठरेल. कोणती आवृत्ती, कोणता अनुवाद वाचला, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात नोंदवून ठेवा.